माणसाला पटतं कशानं?

"एवढं समजावून सांगितलं, तरी ऐकत नाहीत हो!" ही तक्रार दवाखान्यात, शाळेत, ग्रामपंचायतीत आणि घरोघरी जवळपास याच शब्दांत ऐकू येते. डॉक्टरांनी दहा वेळा बजावलेलं असतं, तरी पेशंटच्या खिशात तंबाखूची पुडी असतेच. मुलगा रोज आठवण करून देतो, तरी वडील बीपीची गोळी चार दिवस घेतात आणि पाचव्या दिवशी सोडतात. माहिती खरी आहे, सांगणारा भला आहे, फायदाही ऐकणाऱ्याचाच आहे. मग घोडं अडतं कुठे?

ऐकणारा अडाणी किंवा हट्टी आहे, हे उत्तर सोपं असतं आणि बहुतेक वेळा चुकीचं. खरं उत्तर शोधायला आपण लातूर-नांदेडच्या मुलखात जाऊ. पटवण्याचा एक फार मोठा प्रयोग तिथे झालेला आहे, आणि त्यात चुकलेल्या आणि जमलेल्या अशा दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात.

१. दगड, माती आणि धास्ती

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा झोपलेली. किल्लारीजवळ जमीन हलली, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं मिनिटाभरात जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप ६.२ ते ६.४ रिश्टरचा. जगाच्या मानाने तो प्रचंड म्हणावा असा नव्हता. माणसं दगावली ती मुख्यतः घरांमुळे.

ही घरं माळवदाची होती. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळती लागली की वर आणखी माती पडायची, त्यामुळे थर वर्षागणिक वाढायचा. भोवती दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा घरात पंख्याशिवाय दुपार निघते.

एवढी जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, असं कुणालाही वाटेल. पण आतून पाहिलं तर ती एक भिंत नसून दोन असायच्या. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. जमीन हलली तसे हे पदर एकमेकांपासून सुटले, भिंतीला पोट आलं, ती फुटली आणि वरची टनावारी माती खाली झोपलेल्यांवर आली.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरलं. त्यापलीकडे हजाराहून जास्त गावांतल्या जवळपास दोन लाख घरांना तडे गेले होते, पण ती उभी होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना निघाली. घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे मिळणार, इंजिनिअर मार्गदर्शन करणार, काम मालकाने करून घ्यायचं. तोडगाही साधा होता. भिंतीत आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. कोपऱ्यांना जाळी मारायची, भिंतीच्या माथ्याभोवती पट्टा फिरवायचा, छतावरची माती कमी करायची, खांब-तुळईच्या कोनात तिरके टेकू द्यायचे.

हिशेब बरोबर होता. तरी गावकऱ्यांचा प्रतिसाद सुरुवातीला थंडच राहिला. पत्र्याच्या शेडमध्ये राहू, पण त्या भिंतीखाली झोपणार नाही, असं म्हणणारी कुटुंबं गावोगाव होती.

२. सांगितलेलं कारण आणि आतली ओढ

इथे पहिली संकल्पना समजून घेऊ. माणूस नकार देताना जे कारण सांगतो ते बहुधा खरं असतं, पण पुरं नसतं. त्याच्या खाली आणखी काहीतरी असतं, आणि निर्णय तिथून होतो. ते ओळखायला तीन प्रश्न पुरतात:

माणूस कशाला भितो आहे?
त्याला कशाची आस आहे?
त्याला कुणासमोर मान राखायचा आहे?

दुरुस्तीला नकार देणाऱ्या घराला हे प्रश्न लावून पाहा. भीती दगडाची होती. ज्याने स्वतःच्या किंवा भावकीतल्या माणसाला दगडांखालून बाहेर काढलंय, त्याला "दोष दगडाचा नाही, चिखलाच्या जोडाईचा आहे" हे वाक्य पुस्तकी वाटणारच. आस होती सिमेंटच्या पक्क्या खोलीची. आणि मानाचा प्रश्न असा, की पलीकडच्या गावाला अख्खं नवं घर मिळतंय, मग आम्हालाच ठिगळ का?

इंजिनिअर भिंतीबद्दल बोलत होता. घरमालकाच्या मनात मात्र भीती, आस आणि अन्याय असं तिन्ही एकदम चाललं होतं. दोघेही खरं बोलत होते, पण दोन वेगळ्या विषयांवर.

काळ्या रानाचा शेतकरी पहिला पाऊस पडला म्हणून लगेच तिफण जुंपत नाही. चिखलात पेरलं तर बी कुजतं, कोरड्यात पेरलं तर जळतं. तो वाफसा यायची वाट पाहतो. मनालाही वाफसा यावा लागतो. आपली माहिती हे बी कितीही अस्सल असलं, तरी समोरच्याची भीती किंवा राग निवळेपर्यंत ते उगवत नाही. आणि वाफसा आलाय का, हे रानात उतरून मूठभर माती हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

३. मिळण्यापेक्षा गमावण्याची धास्ती मोठी

आता या तिन्हींतली भीती जरा जवळून पाहू.

समजा तुम्हाला कुणी म्हणालं, "नाणं उडवू. छापा पडला तर मी तुम्हाला हजार रुपये देतो, काटा पडला तर तुम्ही मला हजार द्यायचे." हिशेबाने हा सौदा बरोबरीचा आहे. तरी बहुतेक जण नको म्हणतात. जिंकण्याची रक्कम साधारण दुप्पट केली की मग कुठे लोक तयार होतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली माणसाच्या या स्वभावाची रीतसर मांडणी केली. कानेमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सार एवढंच, की हातचं जाण्याचं दुःख तेवढंच नवं मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं.

लातूरचा ऊस या चष्म्यातून पाहा. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्यासाठी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, आणि देशभर एकच सूर निघाला: दुष्काळी भागात ऊस लावतातच कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटत होतं, शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब कळत नाही किंवा त्याला लोभ सुटलाय. आपण भीतीचा प्रश्न लावू. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर असतो, ज्याला एफआरपी म्हणतात. गिऱ्हाईक ठरलेलं असतं, कारखाना ऊस तोडून नेतो. अवकाळी पाऊस, गारपीट आली तरी ऊस तूर-सोयाबीनसारखा हातचा जात नाही. बिल उशिरा येईल, पण येईल. म्हणजे उसाकडे ओढणारी गोष्ट लोभापेक्षा शाश्वती आहे.

याची परीक्षा लगेच पुढच्याच हंगामात झाली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला, कमी पाण्याची, शहाणपणाची म्हणून तूर भरपूर पेरली गेली आणि पिकलीही अमाप. २०१७ च्या सुरुवातीला बाजारात भाव हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५,०५० रुपयांच्या, खाली आले. सरकारी खरेदी केंद्रांवर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. सल्ला ऐकणारा फसला आणि न ऐकणारा तरला, हे सगळ्या शिवाराने पाहिलं. त्यानंतर त्याच शिवारात जाऊन पाण्याचे आकडे सांगणाऱ्याचं कोण ऐकेल?

ऊस सोडवायचा असेल तर आधी उसाएवढी शाश्वती दुसऱ्या पिकाला द्यावी लागेल: खरेदीची खात्री, पैशाची तारीख, विमा. नुसत्या शब्दांनी कुणाची भीती जात नाही. जोखमीतला वाटा कुणीतरी उचलावा लागतो.

४. मान राखून 'हो' म्हणता आलं पाहिजे

दुसरी संकल्पना मानाची. माणसाला कधीकधी गोष्ट पटलेली असते, पण ती कबूल करायला वाट नसते. काल चारचौघांत "नाही" म्हटलेलं असतं. आज "हो" म्हणणं म्हणजे हार.

महाराष्ट्रातल्या अनेक जनावरांच्या बाजारांनी यावर जुना इलाज शोधलेला आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट आणि बैल यांची ही मोठी बाजारपेठ. जवळच्या कंधारच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी ही या पट्ट्यातली नामांकित जनावरं. जनावरांच्या सौद्यात दोन हात एका रुमालाखाली किंवा उपरण्याखाली जातात. बोटं दाबून भाव सांगितला जातो, बोटांनीच उत्तर येतं. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा त्या दोघांखेरीज कुणाला कळत नाही.

यात व्यापारी गुपित आहेच, पण आणखी एक सोय आहे. विकणारा पाच हजारांनी खाली आला तरी गावात त्याची पत जात नाही. घेणारा वर चढला तरी त्याला कुणी बावळट म्हणत नाही. मागे सरकायला दोघांनाही जागा राहते, म्हणून सौदा जुळतो.

आपण उलट करतो. सासऱ्यांची तंबाखू सुटावी म्हणून पाहुण्यांसमोर विषय काढतो. विद्यार्थ्याची चूक अख्ख्या वर्गासमोर सिद्ध करतो. मग समोरचा तंबाखूची नाही, स्वतःच्या इभ्रतीची बाजू लढवायला लागतो. जितका पुरावा भक्कम, तितका त्याचा अपमान मोठा. जे चव्हाट्यावर मान्य होत नाही ते एकांतात, अर्ध्या वाक्यात मान्य होतं.

मान जसा अडवतो तसा पुढेही ढकलतो. २०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. हागणदारी हटवा, गटारं साफ ठेवा, हे उपदेश गावांनी वर्षानुवर्षं ऐकले होते. अभियानाने त्यांना स्पर्धेचं रूप दिलं. तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात नंबर. बक्षिसाची रक्कम वाटून पाहिली तर माणशी फार नव्हती. पण तपासणी समिती येणार म्हटल्यावर ज्या गल्लीत कधी झाडू फिरला नव्हता तिथे रांगोळ्या निघाल्या. 'तुमचं गाव घाण आहे' या वाक्याने जे झालं नाही, ते 'शेजारचं गाव पुढे जातंय' या वाक्याने झालं. हा जोर फार दिवस टिकत नाही, हेही खरं. समिती येऊन गेली की अनेक ठिकाणी झाडू पुन्हा कोपऱ्यात गेले. मानाने माणूस सुरुवात करतो, पण सवय रोजच्या सोयीने लागते.

५. सांगतं कोण?

आता पुन्हा भूकंपाच्या गावांकडे. गाडी कुठे अडली होती ते आपण पाहिलं. ती निघाली कशी?

दुरुस्तीच्या योजनेत लोकसहभागाचं काम 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आलं. प्रेमा गोपालन त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. संस्थेने गावागावांतल्या महिला मंडळांतून बायका निवडल्या आणि त्यांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केलं. योजनेत काय मिळतं, हप्ता कधी सुटतो, आरपार दगड म्हणजे काय, पट्टा कशासाठी, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं, हे सगळं या बायका शिकल्या आणि आपापल्या गावात सांगू लागल्या. सुमारे बाराशे गावांत हे जाळं पोहोचलं.

यात काय बदललं? माहिती तीच होती. सांगणारी व्यक्ती बदलली. जीपमधून आलेला इंजिनिअर संध्याकाळी लातूरला परत जातो. संवाद सहायक त्याच गावात, तशाच भेगाळलेल्या घरात राहते. भिंत पडली तर तिच्याही लेकरावर पडणार. म्हणून ती "हे करून घेऊ" म्हणते तेव्हा त्या शब्दाला वजन येतं. शिवाय घरात सगळ्यात जास्त वेळ बाई असते. कुठला कोपरा गळतो, चूल कुठे आहे, म्हातारी कुठे झोपते, हे तिला ठाऊक. तिच्याशी बोलताना दुरुस्ती हा सरकारी कागद न राहता घरातलं काम होतो.

आणखी एक गोष्ट झाली. निर्णय एकेकट्याने न होता बैठकीत, एकमेकींच्या देखत व्हायला लागले. याचं बळ किती असतं, ते अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात दिसतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांसाची टंचाई होती आणि लोकांनी काळीज, गुर्दा वगैरे खावं अशी सरकारची इच्छा होती. घरंदाज बायका त्याला हात लावत नसत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांना उत्तम व्याख्यान ऐकवलं: पोषण, पैशाची बचत, देशसेवा, सगळं. काही गटांना मात्र फक्त बोलायला बसवलं. 'आपल्यासारख्या बायकांना यात काय अडचणी येतील?' वास येईल, नवरा नाक मुरडेल, असं बोलणं झालं, त्यावर उपाय निघाले आणि शेवटी करून पाहणार कोण, म्हणून हात वर करायला सांगितले. पुढे घरोघरी विचारलं तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते मांस शिजवलं होतं, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी.

व्याख्यानात अडचणींचं नावही निघत नाही. चर्चेत त्या आधी बाहेर पडतात, मग हलक्या होतात. आणि स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

२००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना स्वतःच्या अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या. भाषा वेगळी होती. पण "आमचंही घर असंच पडलं होतं" हे वाक्य त्यांच्याकडे होतं, आणि कुठल्याही तज्ज्ञाकडे ते नव्हतं.

६. सांगण्याआधी विचारणं

समोरच्याची भीती, आस आणि मान ओळखायचा कसा? सरळ विचारून. पण विचारण्याच्याही दोन तऱ्हा आहेत.

"तुम्ही दवाखान्यात का गेला नाहीत?" हा प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, पण तो आरोप आहे. त्याचं उत्तर म्हणजे सबब. "दवाखान्यात जायचं म्हटलं की काय काय आडवं येतं?" या प्रश्नाला खरं उत्तर येतं: एसटी सकाळी एकच आहे, दिवस बुडतो, तिथे कुणी नीट बोलत नाही, आणि मोठा आजार निघाला तर काय?

गाडगेबाबांचं कीर्तन हा या कलेचा उत्तम नमुना होता. १८७६ ते १९५६ या आयुष्यात त्यांनी गावोगाव कीर्तनं केली आणि त्यांचा बराच भाग प्रश्नांचा असायचा. कर्ज, दारू, नवसाचा बकरा, मुलांची शाळा, विषय कुठलाही असो, ते समोरच्या गर्दीला विचारत आणि गर्दी उत्तर देत जाई. पुढचा प्रश्न त्या उत्तरातून निघे. शेवटी निष्कर्ष ऐकणाऱ्यांच्याच तोंडून बाहेर पडे. आपणच म्हटलेल्या गोष्टीशी भांडणार कसं?

घरी वापरायला तीन प्रश्न सोपे आहेत. "हे केलं तर तुमचं काय जाईल?" यातून भीती कळते. "सगळं मनासारखं झालं तर कसं असेल?" यातून आस कळते. "लोक काय म्हणतील असं वाटतं?" यातून मान कळतो. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहायचं. पहिलं उत्तर वरवरचं असतं. दुसरं यायला थोडा वेळ लागतो.

७. एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवर ऊसतोडीला जाणारं जोडपं आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात जायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. तिचं लग्न जमवायचं चाललंय. तुम्ही तिचे शिक्षक आहात.

पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: "अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. २००६ चा कायदा आहे. मुलीच्या तब्येतीला धोका आहे. ती हुशार आहे." चारही वाक्यं खरी. बाप मान खाली घालून "बरं सर" म्हणतो आणि लग्न दुसऱ्या गावात उरकतो.

आता तीन प्रश्न.

भीती कशाची? पाच-सहा महिने आईबाप फडात. मुलगी घरी ठेवायची तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. सोबत न्यायची तर फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही. "काही झालं तर?" हा प्रश्न आईला झोपू देत नाही. या जोडप्याच्या लेखी लग्न म्हणजे मुलीला सुरक्षित ठेवायची उपलब्ध असलेली एकमेव जागा.

आस कशाची? बोलतं केल्यावर आई म्हणेल, पोरीच्या हातात कोयता येऊ नये. लवकर लग्न झालं तर नवऱ्याबरोबर तिलाही कोयता धरावा लागणार, हे आईइतकं कुणाला माहीत असेल? मजुरीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', हाच तर हिशेब. म्हणजे तिची सर्वांत मोठी इच्छा आणि तिचा निर्णय एकमेकांच्या विरुद्ध दिशेला चाललेत. हे तुम्ही सांगू नका. "लग्नानंतर दोन वर्षांनी ती काय करत असेल?" एवढंच विचारा.

मान कुणासमोर? बापाने भावकीत शब्द टाकला असेल. मोडला तर नाव जाईल.

मग बोलणं कुठून सुरू होईल? कायद्यापासून नाही. "पोरगी या सहा महिन्यांत राहील कुठे?" इथून. हंगामी वसतिगृह, निवासी शाळा, गावातलं एखादं विश्वासाचं घर, यांतलं काहीतरी हातात धरून जावं लागेल. आईला ती जागा दाखवावी लागेल, तिथल्या बाईंशी गाठ घालून द्यावी लागेल. गेल्या वर्षी जिने मुलीला तिथे ठेवलं होतं अशी दुसरी ऊसतोड आई सोबत असेल तर निम्मं काम झालं. आणि बापाला भावकीसमोर बोलायला एक वाक्य द्यावं लागेल: "सरांनी दहावीपर्यंत थांबा म्हटलंय, पोरगी नंबरात येईल." हा त्याचा रुमाल. त्याच्याखाली त्याला मागे येता येईल.

कायदा आहेच. मुलगी धोक्यात असेल तर तो वापरायलाच हवा. पण कायद्याने हे एक लग्न थांबेल. पुढच्या हंगामात तीच भीती पुन्हा दारात उभी राहील.

८. पटवणं आणि गुंडाळणं

इथवर वाचून शंका येईल: माणसाची भीती आणि आस ओळखून त्याला वळवायचं, हे तर दामदुप्पटवाले आणि बुवाही करतात. मग फरक काय?

हत्यार एकच आहे, हे कबूल करायला हवं. निवृत्त माणसाला पेन्शन पुरणार नाही ही धास्ती असते, आणि दामदुप्पटवाला नेमका तिथेच बोट ठेवतो. फरक ओळखायच्या तीन कसोट्या आहेत. एक: आपण त्याला कसं पटवलं हे त्याच्याच समोर उघड सांगता येईल का? संवाद सहायकेला येईल, दामदुप्पटवाल्याला येणार नाही. दोन: आपल्या बोलण्याने त्याची भीती कमी झाली की वाढली? भामटा आधी भीती फुगवतो, मग औषध विकतो. तीन: त्याला घरी जाऊन विचार करायला वेळ आहे का? "आजच सही करा" म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

चौथी कसोटी या सगळ्यांहून कठीण आहे, आणि ती पटवणाऱ्याचीच आहे. समोरच्याचं ऐकून तुम्ही स्वतः बदलायला तयार आहात का?

भूकंपानंतरच्या दोन कामांची तुलना केली की हे नीट दिसतं. ५२ नवी गावं वसवताना घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. सरळ रस्ते, ओळीने घरं. कागदावर टापटीप होती. पण जुन्या गावात भावकी एका बोळात राहत होती, ओसरीवरून हाक ऐकू जायची, जनावरं दारात बांधली जायची. नव्या गावात अनेक ठिकाणी भाऊ भावापासून लांब गेला, शेत लांब पडलं, गोठ्याला जागा उरली नाही. पुढच्या काही वर्षांत लोकांनी त्या घरांना पत्रे, पडव्या, चुली जोडून ती आपल्या सोयीची करून घेतली. आधी विचारलं असतं तर यातलं बरंच आधीच झालं असतं.

दुरुस्तीच्या योजनेत निर्णय घरमालकाच्या हाती होता, आणि तिथे वेगळीच गोष्ट घडली. जुन्या दगडी भिंतींना टाके घालण्यापेक्षा तोच पैसा आणि थोडी पदरची भर घालून एक नवी, पक्की, भूकंपाला टिकणारी खोली बांधू, असं पुष्कळ कुटुंबांनी ठरवलं. तांत्रिक पुस्तकातला पहिला पर्याय हा नव्हता. पण योजनेने त्याला जागा दिली. लोकांना दगडाच्या भीतीतून सुटका हवी होती आणि इंजिनिअरला घर पडायला नको होतं. एका नव्या खोलीने दोघांचंही भागलं. गावकऱ्यांनी पट्टा, कोपऱ्यातली सळई आणि सिमेंटला पाणी मारणं इंजिनिअरकडून घेतलं. इंजिनिअरने घर कसं हवं हे गावकऱ्यांकडून घेतलं.

म्हणून कुणाला काही पटवायला निघण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारून घ्यावा: समोरच्याच्या उत्तरानंतर माझ्या म्हणण्यातलं काय बदलू शकतं? काहीच बदलणार नसेल, तर आपण हुकूम द्यायला निघालो आहोत, आणि समोरच्याला ते आपण बोलायला लागायच्या आधीच कळलेलं असतं.